तुम्ही विचारलंत म्हणून: गळाला मिनो, म्हणजे आमिषाचे बारीक जिवंत मासे, का लावत नाही?

इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत, कोणाकडेही जेवायला गेलो की हा प्रश्न ठरलेला. "जॉर्डन लेकवर सगळे मिनो लावून क्रॉपी काढतात, तुम्ही मालवणकडचे असून ते स्पिनरचं चमचमणारं खेळणं काय फिरवत बसता?" मग हलक्या आवाजात, "आणि तेही तळहाताएवढ्या माशासाठी?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. जॉर्डन लेक हे गोड्या पाण्याचं तळं, त्यात सुरमई मिळत नाही; मिळतो तो क्रॉपी, चपटा छोटा मासा. क्रॉपी रवा लावून तळला की ताटावर कोणी त्याची लांबी विचारत नाही. ब्लूगिल हा तळ्यातला दुसरा मासा आणखी लहान आणि काटेरी, पण चवीला माझ्या मते सरस.

पहिल्यावर मात्र मी आजवर थट्टेवारी नेत आलो. मिनोला मासे जास्त लागतात, हे मला माहीत आहे. जानेवारीत पाणी गार पडून मासा सुस्तावला की पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटखाली टांगलेल्या जिवंत मिनोपुढे माझ्या स्पिनरचं काही चालत नाही. तेव्हा कृपा करून माशांनी भरलेल्या बादल्यांचे फोटो पाठवू नका.

माझा स्पिनर म्हणजे सेफ्टी पिनसारखी वाकवलेली तार. एका टोकाला गोल पातं, दुसऱ्याला एकच गळ आणि त्यावर पोपटी रबरी अळी. गळावरचं शिसं एक षोडशांश औंसाचं, म्हणजे दोन ग्रॅमही नाही. गोल पातं घेतो कारण ते अगदी सावकाश ओढलं तरी फिरतं. लांबट पात्याला वेग लागतो. जॉर्डनचं पाणी गढूळ, त्यात माशाला पातं दिसण्याआधी त्याची थरथर जाणवते. क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला, तो खालून वर बघून खातो, म्हणून स्पिनर त्याच्या डोक्यावरून न्यायचा. फिरणाऱ्या पात्याची बारीक टपटप रॉडमधून बोटाला लागत असते. ती अचानक थांबते आणि दोरा सैल पडतो, कारण मासा तो तोंडात धरून वर आलेला असतो. ओढ बसेल म्हणून वाट बघणारे इथेच मासा घालवतात.

हे सगळं खरं, पण ही कारणं नंतरची. आधी मीही मिनोच लावत होतो आणि स्पिनरवाल्यांना हौशी म्हणत होतो.

बाबा इथे आले होते तेव्हाची गोष्ट. वसंतात फुलणारी डॉगवुडची झाडं फुलली होती, म्हणजे क्रॉपी अंडी घालायला काठाशी आलेले. तळ्याच्या फॅरिंग्टनकडच्या काठावर आम्ही दोघं उभे. बाबांनी आयुष्यभर खाडीत गरवलेलं, त्यांना शिकवायचं काय? फ्लोट बुडाला, त्यांनी शांतपणे थोडा वेळ दिला, मग ओढलं. मासा गळ पार पोटापर्यंत गिळून बसला होता. मी कात्री शोधत होतो, कारण अशा वेळी दोरा कापून गळ आत राहू दिला तर मासा जगण्याची शक्यता जास्त असते. तोवर बाबांनी कल्ल्यात बोट घालून, एक पीळ देऊन गळ बाहेर काढला. गळाबरोबर आतलं बरंच काही बाहेर आलं.

यात त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे गळाला लागलेला मासा परत सोडायचा असतो, हे कोणाच्या गावीही नाही. गळ जपून काढावा अशी वेळच येत नाही.

मी पट्टी लावली. जॉर्डनवर क्रॉपी घरी न्यायचा तर तो निदान दहा इंचांचा हवा, असा नियम आहे. हा भरला नाही. कल्ल्यांतून रक्त येत होतं, आणि मी तो पाण्यात सोडायला वाकलो.

"अरे, मेललो मासो पाण्यात टाकतलंस?" बाबा म्हणाले. "अन्न आसा ता."

मी नियम सांगितला. दंड सांगितला. लहान मासे का वाढू द्यायचे तेही सांगितलं, एखाद्या फलकावरचं वाचून दाखवावं तसं. ते काही बोलले नाहीत. मासा कुशीवर पडून तरंगत होता, आणि आम्ही दोघं तिकडे न बघता सामान आवरत होतो. नंतर त्यांना तळ्यावर चला म्हटलं की ते म्हणायचे, "तू जा, माका झोप येता."

म्हणून स्पिनर. तो सतत हलता असतो, त्यामुळे मासा बहुधा ओठातच अडकतो. गिळायला त्याला सवड मिळत नाही. लहान असेल तर पाण्यातल्या पाण्यात सोडवून मोकळा.

आता तुम्ही म्हणाल, एवढा कळवळा आहे तर गळ टाकताच कशाला? हे मीही स्वतःला विचारतो. क्रॉपीच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ. जरा जोरात हिसका दिला की फाटते आणि मासा निसटतो. तो पुढे नीट खातो का, ते मी बघायला जात नाही. शिवाय दहा इंचांच्या वरचा मी आनंदाने घरी नेतो. तेव्हा मला दयाळू वगैरे ठरवू नका. त्या दिवशी नियम बरोबर होता की बाबा, हेही मला अजून सांगता येत नाही. एक दिवस एक उत्तर पटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

मार्चमध्ये बरोबर यायचं असेल तर मासे धरायचं लायसन्स आधी काढून ठेवा. मिनो आणलेत तरी माझी हरकत नाही. फक्त माशाने गळ गिळला तर ओढू नका. कात्री माझ्या डाव्या खिशात असते, ती मागा.