थंड पॅड, तापलेले पॅड

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट आहे. डिसेंबरमधल्या एकादशीला पहाटे मी वडिलांना घेऊन सोलापूरहून पंढरपूरला निघालो होतो. पुणे महामार्ग रिकामा होता, हवेत चांगलीच थंडी होती आणि शहर सोडल्यापासून वीस-पंचवीस मिनिटे ब्रेकवर पाय ठेवण्याचे कारणच पडले नव्हते. मोहोळच्या थोडे अलीकडे, डाव्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर महामार्गावर चढला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. मी ब्रेक दाबला. पेडल दगडासारखे घट्ट लागले, पण गाडीचा वेग माझ्या पायाला सवय होती तसा उतरला नाही. पायातली सगळी ताकद लावल्यावर, बऱ्याच उशिरा, पकड आली. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोके बॉनेटच्या पुढे जेमतेम हातभर अंतरावर होती.

गाडी पूर्णपणे ठीक होती. तीन आठवड्यांपूर्वी चेन्नईजवळच्या रेसिंग ट्रॅकवर जाताना बसवलेले रेसिंगचे ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणारे तुकडे, मी परत आल्यावर काढले नव्हते, एवढेच कारण होते. ते पॅड थंड असताना कसे वागतात हे मला ठाऊक होते, परतीच्या प्रवासात जाणवलेही होते, तरी "पुढच्या आठवड्यात बदलू" म्हणत मी ते तसेच राहू दिले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. पंढरपूर जवळ आल्यावर त्यांनी विचारले, "सकाळी पहिल्यांदा चालू केलेला मागसुद्धा बाण्याचा धागा तुटला की तिथल्या तिथे थांबतो. मग एवढ्या महागाच्या गाडीला आधी गरम का व्हावे लागते?" त्यांची उभी हयात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेली आहे. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचे नीट उत्तर द्यायचे म्हणून मी हे लिहायला घेतले.

माझी गाडी जुनी, दुसऱ्या हाताची पोर्शे केमन एस आहे. चालक आणि पेट्रोल धरून तिचे वजन साधारण १४५० किलो भरते. ट्रॅकवरच्या लांब सरळपट्टीच्या शेवटी ताशी १८० किलोमीटरवरून ७० वर यायचे असेल, तर सुमारे पंधरा लाख ज्यूल ऊर्जा तीन-साडेतीन सेकंदांत कुठेतरी जिरवावी लागते. तीस अंशांचे सव्वापाच लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास एवढी ऊर्जा पुरते. त्यातला थोडासा भाग हवेचा विरोध घेतो, उरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये उष्णता होऊन उतरते. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ब्रेकवरचे काम चौपट होते. चेन्नईच्या ट्रॅकचा एक फेरा ३.७१७ किलोमीटरचा आहे. तिथे पंधरा-वीस मिनिटांच्या एका सत्रात असे जोरदार ब्रेक कित्येक वेळा लागतात आणि दोन ब्रेकांच्या मधल्या वेळात डिस्क पुरेशी थंड होत नाही. विजापूर रस्त्यावर किंवा सात रस्त्याच्या गर्दीत आपण जे ब्रेक लावतो ते याच्या तुलनेत फार किरकोळ असतात. तिथे डिस्क क्वचितच शंभर-दीडशे अंशांच्या वर जाते आणि पहाटेच्या पहिल्या ब्रेकला तर ती हवेइतकीच थंड असते.

रस्त्याच्या आणि ट्रॅकच्या पॅडमधला खरा फरक इथे सुरू होतो. पॅड डिस्कला धरतो तो दोन प्रकारांनी. एका प्रकारात पॅडमधले कठीण कण डिस्कचा पृष्ठभाग खरवडतात. दुसऱ्या प्रकारात पॅडच्या द्रव्याचा अतिशय पातळ थर डिस्कवर चढतो आणि मग पॅड त्या आपल्याच थराला चिकटत-सुटत पकड देतो. रेसिंगच्या पॅडची रचना मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर बेतलेली असते आणि तो थर नीट काम करू लागण्यासाठी उष्णता लागते. पॅड थंड असताना केवळ खरवडणे उरते. पकड कमी मिळते, डिस्क विनाकारण झिजते, चौकाचौकात किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि ॲलॉय व्हीलवर लोखंडी भुकटी बसते. त्या भुकटीवर दव किंवा पावसाचे पाणी पडले की गंजाचे ठिपके असे धरतात की नुसत्या पाण्याने ते निघत नाहीत. मोहोळजवळ वडिलांनी जे अनुभवले त्याचे कारण हेच होते. मागाच्या ब्रेकला चारशे-पाचशे अंशांवर कधीच काम करावे लागत नाही, त्यामुळे तो थंडपणातच उत्तम चालेल असा करता येतो.

सोलापूरच्या वाचकाला आवडेल अशी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ब्रेकच्या अस्तराचा धंदा उभा करणारा हर्बर्ट फ्रूड हा इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा माणूस. घोडागाडीवाले उतारावर चाकाला जुने बूट लावून गाडी आवरतात हे त्याने पाहिले, आणि १८९७ च्या सुमारास त्याने केस आणि सूत यांच्या विणलेल्या पट्ट्यांपासून ब्रेकचे अस्तर तयार केले. म्हणजे आरंभीचे ब्रेक लायनर हे एक प्रकारचे कापडच होते. सूत जास्त उष्णतेला टिकत नाही म्हणून पुढे ॲस्बेस्टॉस आले, आणि त्याने फुप्फुसांचे आजार होतात हे कळल्यावर अनेक देशांतून तेही गेले. त्याच्या आडनावातली अक्षरे फिरवून आणि त्यांना एक अक्षर जोडून फेरोडो हे नाव तयार झाले, आणि आज त्याच नावाचे पॅड ट्रॅकवर जाणारे अनेक जण वापरतात.

आता निवडीकडे वळतो. बहुतेक मंडळी पहिला प्रश्न "कोणत्या कंपनीचे घेऊ?" असा विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न आपली डिस्क प्रत्यक्षात किती तापते, हा असला पाहिजे, आणि तो अंदाजाने सोडवू नये. डिस्कच्या कडेवर लावायचे उष्णतादर्शक रंग मिळतात. त्यांतल्या नेहमीच्या संचात हिरवा रंग ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला बदलून पांढुरका होतो. मी चेन्नईला पुढच्या उजव्या डिस्कच्या कडेवर तिन्हींचे बोटाच्या पेराएवढे पट्टे ओढले होते. पहिल्या सत्रानंतर चाक काढून पाहिले, तर हिरवा पूर्ण पांढरा पडला होता, नारिंगी कडेकडेने उडाला होता आणि लाल जसाच्या तसा होता. म्हणजे माझी डिस्क ५६० च्या आसपास जाते, ६१० गाठत नाही. चार पैशांच्या त्या रंगाने मला जे सांगितले ते कोणत्याही जाहिरातीने सांगितले नसते.

या आकड्यामुळे एक मोह सुटला. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सांभाळणारे मधल्या जातीचे पॅड असतात आणि त्यांतले फेरोडोचे डीएस २५०० मला मनापासून आवडतात. कंपनी त्यांचा सरासरी घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.४२ आणि कामाचा पल्ला २० ते ५०० अंश असा देते. ते थंडीतही समजूतदारपणे धरतात. हलकी गाडी असेल, कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारखा २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक असेल आणि वर्षातून एखादीच फेरी होत असेल, तर मी कोणालाही तेच सुचवेन आणि पुढचे वाचायचे कष्टही देणार नाही. माझी डिस्क मात्र त्यांच्या पल्ल्याच्या बाहेर जाते. पल्ल्याबाहेर गेलेल्या पॅडमधली बांधणीची द्रव्ये जळू लागतात, पकड पडते, आणि पॅड मेणासारखा झिजतो.

पॅडच्या कडेवर छापलेल्या दोन इंग्रजी अक्षरांवरही लोक फार विसंबतात. पहिले अक्षर साधारण तापमानातला घर्षणांक सांगते आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतला. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही माहिती रस्त्यासाठी उपयोगाची आहे, परंतु ती चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर आणि सुमारे ३४० अंशांपर्यंतच होते. माझ्या डिस्कवर ५६० अंशांना काय घडेल याबद्दल ती अक्षरे एक शब्दही बोलत नाहीत. रस्त्याच्या पॅडसाठी मी त्यापेक्षा युरोपातल्या आर ९० मानकाची खूण पाहतो. ते मानक पाळणाऱ्या पॅडची कामगिरी गाडीच्या मूळ पॅडपेक्षा पंधरा टक्क्यांहून अधिक कमी किंवा जास्त असून चालत नाही. रेसिंगच्या बहुतेक पॅडवर ही खूण नसते, कारण ते रस्त्यासाठी केलेलेच नसतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. भारी पॅड घातले की गाडी रस्त्यावर कमी अंतरात थांबते, असे अनेकांना वाटते. एका पूर्ण ताकदीच्या ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतात. चांगल्या स्थितीतले मूळ पॅडही चाकाला एबीएस (चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) चालू होण्याच्या टोकापर्यंत नेतात आणि त्याच्या पुढे पॅडच्या हातात काही उरत नाही. पॅड काय बदलतात, तर तोच ब्रेक दहाव्यांदा तसाच लागतो का आणि पायाला किती नेमकेपणा मिळतो. त्यामुळे ज्यांची गाडी कधीच ट्रॅकवर जाणार नाही, त्यांनी तो पैसा टायरवर खर्च करावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. सोलापूरच्या उन्हाळ्याची भीतीही अशीच अवाजवी आहे. मे महिन्यात पारा ४३ वर गेला तरी पुण्यातल्या सुखद दिवसापेक्षा फरक दहा-पंधरा अंशांचा असतो, आणि पाचशे अंशांच्या हिशेबात तो फार मोठा नाही.

पुढचे आणि मागचे पॅड एकमेकांशी जुळतील असे, एकाच वेळी बदलावेत, याबाबत मात्र मी कोणतीही सवलत देत नाही. केवळ पुढे जास्त पकडीचे पॅड घातले तर मागच्या ब्रेकचा वाटा घटतो आणि पुढचे ब्रेक एकटे राबून जास्त तापतात. केवळ मागे घातले तर मागची चाके आधी घसरू पाहतात आणि वळणावर शिरताना गाडी गरकन फिरू शकते. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पुष्कळ सांभाळून घेते, पण चुकीची जोडी निस्तरणे हे तिचे काम नव्हे.

ट्रॅकवर ब्रेक गेला असे वाटले, तर पाय काय सांगतो ते ओळखायला शिकावे. पेडल घट्ट आहे पण गाडी आवरत नाही, तर पॅड फेड झाले, म्हणजे जास्त तापून त्यांची पकड गेली. पेडल मऊ पडून खाली गेले, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे, आणि मग कितीही महागाचे पॅड असले तरी उपयोग नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असावा लागतो, आणि ओल शोषलेल्या अवस्थेत तो १५५ पर्यंत उतरला तरी मानकात बसतो. मोटुल आरबीएफ ६०० सारखे रेसिंगचे ऑइल नवे असताना ३१२ अंशांना उकळते. मी प्रत्येक ट्रॅकफेरीआधी ऑइल बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घेतो. पॅड अर्धे झिजले की ते ट्रॅकवर नेत नाही, कारण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे लवकर पोचते.

शेवटी मी दोन संच ठेवायचे ठरवले. सोलापुरात गाडीवर आर ९० चे साधे पॅड असतात. रेसिंगचे पॅड डिकीतून ट्रॅकवर जातात, तिथे पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करण्याच्या आवारात) बसतात आणि परतीला निघण्याआधी तिथेच उतरतात. यात अर्धा तास लवकर उठावे लागते, हात काळे होतात आणि सोबतची मंडळी चहा घेत असताना आपण चाकापाशी बसलेलो असतो, पण त्याला इलाज नाही. एकाच डिस्कवर दोन जातींचे थर चढू नयेत म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी मी डिस्कवर हलका पॉलिश पेपर फिरवतो आणि नवा थर बसवतो. त्यासाठी मोकळ्या जागी ताशी शंभरवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा, गाडी पूर्ण न थांबवता, दमदार ब्रेक लावायचे आणि नंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता चालवून सगळे थंड होऊ द्यायचे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे पेडल थरथरू लागते. "डिस्क वाकडी झाली" म्हणून लेथवर गेलेल्या कितीतरी डिस्क प्रत्यक्षात अशा ठशांच्या असतात. म्हणून सत्र संपल्यावर मी गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाखाली लाकडी ठोकळा लावतो.

रेसिंगचे आठही पॅड आता कारखान्यातल्या कपाटात आहेत. प्रत्येक पॅड टॉवेलच्या कटपीसमध्ये वेगळा गुंडाळलेला असून पाठीवर खडूने "पुढे डावा आत", "पुढे डावा बाहेर" असे लिहिले आहे, म्हणजे ज्या बाजूला झिजला त्याच बाजूला तो परत बसतो. परवा कॅलिपरने मोजले, तर पुढच्या उजव्या आतल्या पॅडवर साडेसात मिलिमीटर द्रव्य शिल्लक होते. नवे असताना ते अकरा होते, त्यामुळे आणखी एक फेरी निघेल. वडिलांनी तो पॅड हातात घेतला, अंगठ्याने त्याची कड चाचपली आणि पुन्हा कापडात गुंडाळताना विचारले, "गाडीवर आत्ता कोणते आहेत?" मी म्हणालो, "थंडीत धरणारे." त्यावर त्यांनी येत्या एकादशीला किती वाजता निघायचे ते विचारले.