दुखरा हात आणि डोक्यातला हात

सोमवार

बरेच महिने हात दुखणाऱ्या माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि खांद्यापासून खाली हाताचं वर्णन करायला लावायचं. कोपरापर्यंत गाडी सुरळीत चालते, मनगटापाशी अडते. पंजा दुप्पट झालाय, जड झालाय, करंगळी सापडतच नाही, अंगठा कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही. टेप लावून बघावं तर दोन्ही पंजांत फरक नावापुरता.

हे सोंग नव्हे. दाताच्या डॉक्टरांकडे भुलीचं इंजेक्शन घेतलं की ओठ केवढा तरी झाल्यासारखा वाटतो आणि आरशात तो आहे तेवढाच दिसतो. त्वचेकडून येणारे संदेश बदलले की मेंदू त्या भागाचं मापही बदलतो. शरीराचा कुठला भाग मेंदूच्या पृष्ठभागावर कुठे मांडलेला आहे हे मेंदूचे शल्यविशारद पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ साली दाखवलं. ती मांडणी कायमची ठरलेली नसते. कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम म्हणजे सीआरपीएस, दुखापतीनंतर हातात किंवा पायात ठाण मांडून बसणारं तीव्र दुखणं. त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासांत दुखऱ्या हाताची मेंदूतली जागा आक्रसलेली दिसली, नंतरच्या काही अभ्यासांत तसं दिसलं नाही. म्हणून पेशंटला ‘तुमच्या मेंदूतला हात लहान झालाय’ असं ठोकून सांगू नये. जाणीव बिघडलेली असते एवढं मात्र नक्की, आणि ती तपासताही येते.

आकार, वजन, गरम-गार, कुठे आहे, कसा वळलेला आहे हे सगळं विचारून झाल्यावर दोन प्रश्न उरतात. हा हात तुमचाच वाटतो का? कापून टाकावासा वाटतो का? दुसरा प्रश्न विचारताना तपासणाराच बिचकतो. पण तो विचारला की बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडतो, कारण लोक वेड्यात काढतील या भीतीने हे घरातही बोललेलं नसतं. असा विचार येणं हा या दुखण्याचाच भाग आहे, हे तिथल्या तिथे सांगावं. अवयव काढला म्हणजे वेदना जातेच असं नाही, हेही सांगावं. नसलेल्या अवयवाच्या जाणिवेला ‘फॅन्टम’ हे नाव अमेरिकन डॉक्टर वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये दिलं, आणि अशा नसलेल्या अवयवात कळा येणारे लोक आजही कमी नाहीत.

मंगळवार

दोन टोकांची चाचणी: किती जवळचे दोन स्पर्श वेगळे कळतात ते बघायचं. साधन साधंच, बोथट टोकांचा कॅलिपर, म्हणजे अंतर मोजायचा चिमटा. निरोगी बोटाच्या टोकाला २ ते ४ मिलिमीटरवरची दोन टोकं वेगळी कळतात, तळहातावर साधारण १० मिलिमीटर लागतात, पंजाच्या मागच्या बाजूला त्याहून बरीच जास्त. दाब किती, तर टोकाखालची त्वचा जेमतेम पांढुरकी व्हावी एवढाच. दोन्ही टोकं एकदम टेकली पाहिजेत. मागेपुढे टेकली तर माणूस अंतर नव्हे, वेळेतला फरक ओळखतो आणि निकाल उगाच चांगला येतो. मधूनमधून एकच टोक लावायचं. १० पैकी ७ उत्तरं बरोबर आली की ते अंतर लिहायचं आणि दुसऱ्या हाताच्या त्याच जागेशी ताडून बघायचं. नुसता कपडा लागला तरी आग होत असेल, तर त्या दिवशी ही चाचणी नको.

बुधवार, रात्री

‘डोकं चालत नाही’ ही तक्रार हाताच्या तक्रारीइतकीच खरी असते, पण केसपेपरवर ती क्वचितच चढते. लक्ष ओढून घेणं हेच वेदनेचं काम. नव्या जखमेत ते उपयोगी पडतं. तीन महिन्यांवर गेलेल्या दुखण्यात घंटा वाजत राहते आणि करण्यासारखं काही नसतं. मग एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, बोलताना नेमका शब्द सापडत नाही, गॅस बंद केला का ते आठवत नाही.

यात हाताची किंवा पायाची बिघडलेली जाणीव आणखी भर घालते, आणि हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. एरवी चालणं, कप धरणं आपोआप होतं. दुखऱ्या अवयवाला मात्र दर वेळी हुकूम द्यावा लागतो: बोटं उघड, आता पकड, आता सोड. नजर हटली की कप निसटतो, अंधारात पाऊल दाराच्या चौकटीला ठेचतं. म्हणजे डोक्याचा एक हिस्सा दिवसभर अवयवाच्या पहाऱ्यावर बसलेला. हे उघड करायला सोपी युक्ती आहे. सपाट जागेवर चालायला लावायचं आणि १००मधून तीन-तीन वजा करत मोठ्याने आकडे म्हणायला सांगायचं. पाय हुकुमावर चालत असेल तर दोन-चार आकड्यांत चाल तरी मंदावते किंवा वजाबाकी तरी थांबते. सोबत कोणी हवं, तोल जाऊ शकतो.

सगळं खापर वेदनेवर फोडू नये. प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन या नसांच्या दुखण्यावर देतात त्या गोळ्यांनीही गुंगी येते, आणि तुटक झोपेने डोकं जड राहतं. गोळीची वेळ आणि डोकं जड होण्याची वेळ शेजारीशेजारी लिहिली की आठवडाभरात अंदाज येतो. तो कागद डॉक्टरांना दाखवायचा. गोळी परस्पर एकदम बंद करणं धोक्याचं.

आणि ‘तुम्ही फार विचार करता’ हे वाक्य कोणी वापरू नये. पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल, म्हणजे दुखण्याबद्दल माणूस किती टोकाचं वाईट चिंतत राहतो ते मोजणारी प्रश्नावली, तिचे १३ प्रश्न उपयोगी आहेत, पण त्यांचा निकाल माणसाच्या तोंडावर फेकायचा नसतो.

शुक्रवार

ग्रेडेड मोटर इमेजरी, म्हणजे हालचालीची जाणीव मेंदूला पायरीपायरीने परत शिकवण्याचा सराव. पायऱ्या तीन: डावा-उजवा ओळखणं, हालचाल मनात करणं, मग आरसा. क्रम उलटा केला की काम बिघडतं, आणि लोक नेमका आरशापासून सुरुवात करतात कारण तोच व्हिडिओत दिसतो.

पहिल्या पायरीला वेगवेगळ्या कोनांतून काढलेले हातांचे चाळीसेक फोटो पुरतात. फोटो दिसला की डावा की उजवा ते बोलायचं. स्वतःचा हात वळवून बघायचा नाही, फोटोही फिरवायचा नाही. इथे मेंदू आपलाच हात मनात फिरवून चित्रावर बसवून बघतो, आणि सरावाचा फायदा त्यातच आहे. एका फोटोला दोनेक सेकंद आणि ८० टक्क्यांच्या वर बरोबर उत्तरं, दोन्ही बाजूंना जवळपास सारखी, इथवर पोचलं की पुढे जायचं. दुखऱ्या बाजूचेच फोटो उशिरा ओळखले जात असतील तर जाणिवेत गडबड आहे. दोन्ही बाजू सारख्याच मंद असतील तर आधी झोप आणि गोळ्या बघाव्यात. वेळ झटपट आणि चुका भरपूर, म्हणजे अंदाजपंचे चाललंय.

दुसरी पायरी निरुपद्रवी वाटते, पण नसते. हाताच्या जुनाट दुखण्यात नुसती हालचाल मनात आणल्यावर वेदना आणि सूज दोन्ही वाढल्याचं २००८च्या एका अभ्यासात नोंदलं आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात दुखरा हात दुर्बिणीतून मोठा करून दाखवला तेव्हा हालचालीनंतर वेदना आणि सूज जास्त आली, दुर्बीण उलटी धरून लहान दाखवला तेव्हा कमी. म्हणून टेबलावर सैल पडलेल्या हाताची कल्पना आधी, मूठ वळण्याची नंतर. कळ वाढली तर पुन्हा फोटोंकडे.

आरसा पंजा आणि अर्धा हात दिसेल एवढा हवा, डगमगता नको. अंगठी, घड्याळ, बांगड्या दोन्ही हातांतून काढायच्या. तीळ किंवा गोंदण असेल तर झाकायचं, नाहीतर मेंदू फसत नाही. आरसा छातीच्या मध्यरेषेवर उभा, तोंड चांगल्या हाताकडे, दुखरा हात त्याच्या मागे पूर्ण लपलेला. पहिली एक-दोन मिनिटं काहीच हलवायचं नाही. चांगल्या हाताचं प्रतिबिंब आपल्याच दुखऱ्या हातासारखं वाटू लागलं की मग चांगल्या हाताची बोटं सावकाश उघडायची-मिटायची. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मळमळ, घाम, चक्कर किंवा हात आणखी परका वाटणं सुरू झालं तर आरसा झाकायचा. डोळ्यांना दिसणारं आणि सांध्यांकडून कळणारं जुळेनासं झालं की असं होतं. दुखणं जुनं असेल तर नुसत्या आरशावर भिस्त ठेवू नये. २००३च्या एका छोट्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या आतल्या सीआरपीएसला आरशाने लगेच उतार पडला, दोन वर्षांवरच्या दुखण्याला काहीच फरक पडला नाही.

शनिवार

स्पर्शाचा सराव. हाताच्या फोटोवर पाच ठिपके, क्रमांक घालून, आणि तेच ठिपके हातावर. दोन टोकं, एक बारीक आणि एक जाड. पेनचं टोपण आणि बाटलीचं बूच चालतं. माणसाने हाताकडे न बघता सांगायचं, ‘तीन, जाड.’ असे २४ स्पर्श, थोडी विश्रांती, परत २४. ठिपक्यांमधलं अंतर मंगळवारच्या चाचणीत आलेल्या अंतरापेक्षा जास्त ठेवावं, नाहीतर सगळंच चुकतं आणि माणूस कंटाळतो. उत्तर चुकलं तर लगेच सांगायचं. नुसतं चोळणं, ब्रश फिरवणं याला हीच किंमत नाही. कुठे लागलं, काय लागलं हे ओळखावं लागतं तेव्हाच फरक पडतो.

रविवार

वेदनेचा आकडा तासातासाला लिहायला सांगणं हा मला वाईट सल्ला वाटतो. ज्या अवयवावरून लक्ष काढायचं त्याच्यावरच ते खिळवून ठेवायचं? सकाळी आणि रात्री ठरलेल्या वेळी एकदा, ० ते १०. बाकी वहीत कामं लिहावीत: शर्टाची बटणं किती मिनिटांत लागली, न बघता पेला किती वेळा उचलला.

चालण्याचं प्रमाण ठरवताना तीन दिवसांची सरासरी काढावी. १०, १४, १२ मिनिटं असतील तर सरासरी १२, तिचे ८० टक्के म्हणजे साधारण साडेनऊ. सुरुवात तिथून, वाढ आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास. बरं वाटलं त्या दिवशीही साडेनऊच. सगळ्यात जास्त भांडण याच आकड्यावरून होतं, कारण बऱ्या दिवशी माणूस राहिलेली सगळी कामं उरकायला काढतो आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरतो.