हरियालच्या मागे 9 रविवार

मंडळी, नोंद टाकायला उशीर झाला, पोरांच्या परीक्षा चालू होत्या. जानेवारीच्या शेवटी ठरवलं होतं की यंदा पेंच, बोरची जंगलं नाहीत, नागपुरातल्या घरून स्कूटीवर 15 मिनिटांत पोचता येईल तेवढंच पाहायचं अन् दोन्ही पोरांना हरियाल, म्हणजे हिरवं कबूतर, दाखवायचाच. आपल्या राज्याचा पक्षी, अन् मोठीनं तो फक्त जीकेच्या पुस्तकात पाहिलेला.

पहिले 3 रविवार अंबाझरी तलावाच्या काठावर गेले. पोरं खूश, कारण टिबुकली, छोटा पाणपक्षी. तिनं बुडी मारली की कुठून वर येईल यावर दोघांची पैज लागते. पाणकावळा पंख पसरून का बसतो हेही त्यांनीच विचारलं. त्याचे पंख बदकासारखे कोरडे राहत नाहीत, पाण्यात भिजतात, म्हणून उन्हात वाळवत बसतो. पण हरियालला वड, पिंपळ, उंबराची पिकलेली फळं लागतात, तो पाण्याकाठी कशाला दिसणार, मी जागाच चुकीची निवडली होती. मग सेमिनरी हिल्सची टेकडी. पळस फुललेला, त्याच्यावर शिंजीर, मैना, भोरड्यांचा नुसता कल्ला. हरियाल नाही.

सहाव्या रविवारी धाकट्याला सर्दी होती म्हणून लांब गेलोच नाही, आमच्या लेआउटच्या मागच्या वडाखाली चटई टाकून बसलो. फळं लाल झाली होती. वरून टपटप फळांचे तुकडे पडून राहिले होते, खाणारा मात्र दिसेना, मी दुर्बीण लावून एकेक फांदी पाहून राहिलो, 20 मिनिटं झाली, मान दुखायला लागली, मोठी म्हणाली खारच असेल. तेवढ्यात धाकटा हळूच म्हणतो, "बाबा, ते पान चाललं."

खरंच चाललं होतं! हिरवट पिवळा, पानातच मिसळलेला, खांद्याजवळ जांभळट डाग, अन् हळदीत बुडवल्यासारखे पाय. एक दिसला अन् मग नजर बसली, बाजूला दुसरा, त्याच्या वर 3, मोजता मोजता 14 झाले. शिट्टीसारखा आवाजही आला, तो तर मी या झाडाखाली कितीदा ऐकला असेल, पण कोणाचा आहे हे कधी शोधलंच नव्हतं. पोरं पाऊण तास हलली नाहीत अन् मी खूप दिवसांनी इतका आनंदलो.

पोरांसाठी दुर्बीण कोणती घ्यावी, असं विचारलं होतं कोणीतरी. माझी 10 पटीची आहे, पोरांच्या हातात ती फार हलते, 8 पटीची हलकी घ्या. धाकट्याला दोन्ही डोळ्यांनी एक चित्र दिसत नाही, डोळ्यांमधलं अंतर कमी पडतं, त्याला सध्या नुसत्या डोळ्यांनीच पाहू देतो. मोठीला सांगितलं, आधी पक्षी पकड, नजर काढू नको, मग दुर्बीण वर आण. दोन रविवारांत जमलं तिला. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार मात्र करू नका, विणीच्या दिवसांत तर अजिबात नाही, पिल्लांचं सोडून ते तुमच्यामागे फिरतात.

विणीवरून आठवलं, काल नवव्या रविवारी रिकाम्या प्लॉटवर टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. अंडी जवळच असणार म्हणून पोरांना तिथंच थांबवलं अन् आलेल्या पावलांनी परत फिरलो. लांबून दुर्बिणीतून दिसली, गिट्टीतच 4, गिट्टीच्याच रंगाची. आता त्या प्लॉटकडे क्रिकेट बंद, हे पोट्ट्यांनी स्वतःच ठरवलं.

ऊन तापलं, म्हणून आता सकाळी 6 ते साडेसात एवढंच. गच्चीवर सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवलंय, पाणी रोज बदलायची पाळी दोघांनी वाटून घेतली. वडाची फळं संपत आली आहेत, गोरेवाड्याकडं किंवा फुटाळ्याजवळ उंबर लदबदलेला कोणी पाहिला असेल तर सांगा, पुढच्या रविवारी तिकडं येतो.