दोन हप्त्यांत येणारा धक्का

15 नोव्हेंबरला आमच्या ऑफिसात कोणी मीटिंग ठेवत नाही. मिशिगनमध्ये बंदुकीने हरणाची शिकार करायचा हंगाम दरवर्षी याच तारखेला सुरू होतो, वार कुठलाही असो, आणि 30 ला संपतो. बऱ्याच शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. मी 1998 साली इथे आलो तेव्हा मला हे कुठे ठाऊक? एका गिअरबॉक्सच्या ट्रायलसाठी मी नेमकी तीच तारीख धरली. आले तिघेच. दोन भारतीय, एक चिनी.

आता मीही त्या दिवशी ऑफिसात नसतो. ग्रेलिंग गावाच्या पुढे सरकारी रानात एका ओकच्या झाडाला पाठ लावून बसलेला असतो. अंगात भगवं जाकीट, त्यावर भगवी टोपी. भगवा हा इथल्या शिकाऱ्यांचा सक्तीचा रंग आहे, यावरून मराठी मंडळात माझ्यावर जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेलेत. मांडीवर असते ती रेमिंग्टन मॉडेल 8 रायफल. क्रमांकावरून ती 1920 च्या दशकातली ठरते, म्हणजे माझ्या आजोबांच्या आसपासच्या वयाची.

आजोबांचा उल्लेख उगाच केला नाही. आमचं घर कुडाळच्या बाजूला. घरात ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. ती आता बाबांच्या नावावर आहे. रानडुकरांनी भाताची नासाडी करू नये म्हणून परवाना, पण निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता लागू नसते, हे बाबांचं दर निवडणुकीतलं वाक्य. ठासणीची म्हणजे नळीत आधी दारू, मग चिंधी, मग छरे, गजाने ठासायचं, केप बसवायची आणि मग एक बार. तो चुकला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, तोवर डुक्कर पाट ओलांडून शेजारच्या गावात. आजोबा म्हणायचे, "पयलो बार आपलो, दुसरो रानाचो."

त्या घरातला मुलगा पाच काडतुसांची, आपोआप भरणारी रायफल घेतो हे बाबांना अजून पटलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि विचारलं, "पाच बार कित्याक रे? डुकर काय उभो रवतलो दुसऱ्या बाराक?"

खरं उत्तर असं की मी ती शिकारीसाठी घेतलीच नव्हती. 2016 साली एका दुकानात टायरची बिलं भरायला गेलो होतो (इथल्या गावांत टायर, मासळीचे गळ आणि बंदुका एकाच छपराखाली मिळतात) आणि कोपऱ्यातल्या रॅकवर ती उभी होती. बाकीच्या रायफलींमध्ये अगदीच विजोड. नळी नेहमीपेक्षा दुप्पट जाड, एखाद्या सायकलच्या पंपासारखी. मी दुकानदाराला विचारलं, ही नळी एवढी जाड का? तो म्हणाला, ती नळी नाहीच, ती बाहेरची बाही आहे, नळी आत आहे आणि ती हलते. पंचवीस वर्षं गिअरबॉक्समध्ये घालवलेल्या माणसाला "आत आहे आणि ती हलते" एवढं वाक्य पुरतं.

आता जरा सविस्तर सांगतो, कारण मजा इथेच आहे. गोळी सुटली की बहुतेक रायफलींची नळी जागच्या जागी असते. या रायफलीत नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) एकमेकांना घट्ट धरून, दोघे मिळून मागे येतात, पूर्ण काडतुसाच्या लांबीहून जास्त. तोवर गोळी कधीच बाहेर पडलेली असते. मागे पोचल्यावर बोल्टला एक अडणी धरून ठेवते आणि नळी स्प्रिंगच्या जोरावर एकटीच पुढे जाते. ती पुढे गेली की रिकामी पुंगळी बोल्टच्या तोंडावर उघडी पडते आणि बाहेर फेकली जाते. नळी जागेवर बसली की तीच बोल्टला सोडवते, तो पुढे येताना खालचं काडतूस ढकलून आत नेतो, डोकं फिरवतो आणि कुलूप लागतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. पण खांद्याला ते कळतं. धक्का दोन हप्त्यांत येतो: पहिला मागे ढकलणारा, दुसरा पुढे ओढणारा. पहिल्यांदा रेंजवर उडवली तेव्हा मला वाटलं आत काहीतरी तुटलं.

ही करामत जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-शोधकाच्या डोक्यातली. पेटंट ऑक्टोबर 1900 चं, रायफल बाजारात आली 1906 ला, 1911 ला तिचं नाव मॉडेल 8 झालं, आणि 1936 पर्यंत ती बनत राहिली, साधारण ऐंशी हजार. हलणाऱ्या नळीची हीच युक्ती ब्राउनिंगने त्याच्या शॉटगनमध्येही वापरली होती. त्या शॉटगनवरून विंचेस्टर कंपनीशी त्याचं फाटलं. मग 1902 च्या जानेवारीत तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला, कचेरीत वाट बघत बसला, आणि आतून निरोप आला की मार्सेलस हार्टली आताच हृदयविकाराने गेले. तो तसाच उठला आणि शॉटगन घेऊन बेल्जियमला गेला. मुलाखतीला जाऊन बसलेल्या प्रत्येक माणसाला ही गोष्ट सांगावीशी वाटते. माझी जिथे बनली तो न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा कारखाना 2024 च्या मार्चमध्ये बंद झाला. तिथे काम करणारा कोणी मला भेटलेला नाही, पण रिसिव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या पोलादी घराच्या) आतल्या कडेला कानशीचे बारीक ओरखडे आहेत, हाताने जुळवताना राहिलेले. आमच्या प्लांटमध्ये असा भाग तपासणीत परत पाठवतील. मी त्यावरून अंगठा फिरवत बसतो.

माझी स्वस्तात मिळाली, साडेपाचशे डॉलरला, कारण आधीच्या कुणीतरी रिसिव्हरच्या डाव्या बाजूला दुर्बीण बसवायला दोन भोकं पाडली आणि नंतर स्क्रूने बुजवली. संग्राहक अशा रायफलीकडे बघतही नाहीत. मला उलट बरं वाटलं. जिला आधीच दोन भोकं आहेत तिला रानात न्यायला जीव कचरत नाही. नागरिक व्हायच्या आधीचीच गोष्ट ही. ग्रीन कार्ड होतं म्हणून खरेदीचा फॉर्म सरळ भरला गेला. एच-वन-बीवर असतो तर आधी शिकारीचा परवाना काढावा लागला असता, कारण तात्पुरत्या व्हिसावर बंदूक घेता येत नाही आणि तो परवाना हा त्या नियमातला एक अपवाद आहे. हे आमच्यातल्या अनेकांना माहीत नसतं आणि नवखे अज्ञानात गुन्हा करून बसतात.

तर रायफल आली, पण घराजवळ शिकारीला चालेना. मिशिगनच्या दक्षिण भागात वस्ती दाट, म्हणून तिथे रायफलीला फक्त सरळ भिंतीची, ठरावीक लांबीची काडतुसं चालतात. माझ्या रायफलीचं काडतूस, पस्तीस रेमिंग्टन, गळ्याशी किंचित आवळलेलं आहे. पटकन बघून कळतही नाही, बोट फिरवलं तर कळतं, पण नियम म्हणजे नियम. म्हणून तीन तास गाडी हाकत उत्तरेला जायचं. दुसरा नियम मात्र जणू हिच्यासाठीच केलाय: अर्धस्वयंचलित रायफलीत नळी आणि मॅगझीन मिळून सहाच्या वर काडतुसं मावता कामा नयेत. हिच्यात पाच खाली, एक वर. बरोबर सहा.

नेणं सोपं आहे. पुढचं लाकूड काढलं, खालची कळ फिरवली की नळी बाहीसकट वेगळी होते आणि रायफलीचे दोन तुकडे. बायको म्हणते, गणपतीच्या मखरापेक्षा लवकर सुटतं.

पहिल्या हंगामाची गोष्ट सांगायला लाज वाटते, कारण वंगण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. ऑक्टोबरात मी रायफल पूर्ण उघडली. बाहीच्या आत नळीभोवती दोन स्प्रिंगा असतात, त्या पुसल्या, बोल्ट पुसला, आणि सगळ्याला चाकाच्या बेअरिंगचं लाल ग्रीस भरभरून चोपडलं. गॅरेजमध्ये वीस अंशांना ते लोण्यासारखं सरकत होतं. 15 नोव्हेंबरला पहाटे साडेसहाला रानात पारा उणे बारा. अंधारात काडतूस चढवताना खटकन आवाज होईल, हरणं बिचकतील, म्हणून मी बोल्टची मूठ धरून तो हलक्या हाताने पुढे सोडला. कोणत्याही आपोआप भरणाऱ्या बंदुकीत ही पहिली चूक. तो सुटतो तेव्हा स्प्रिंगच्या पूर्ण जोराने सुटला पाहिजे, नाहीतर शेवटचं डोकं फिरवणं राहून जातं.

आठच्या सुमारास जॅक पाइनच्या झुडपांतून एक नर आला. साठ पावलांवर थांबला, मान खाली घालून ओकची फळं हुंगू लागला. ओकची फळं म्हणजे कोणी टाकलेलं आमिष नव्हे, ती निसर्गाची. मी सेफ्टी खाली केली. ती उजवीकडे लांबलचक पट्टीसारखी आहे, नंतरच्या कलाश्निकोव्हवर दिसते तशीच. नेम धरायची पुढची माशी त्याच्या खांद्यामागे टेकवली. चाप ओढला.

काही नाही.

टकसुद्धा नाही. बोटाखाली चाप नुसताच मेलेला. मी मूठ बघितली, ती जागेपासून बोटभर मागे होती. ग्रीस गोठून खिरीवरच्या सायीसारखं झालं होतं आणि बोल्टने कुलूप लावलंच नव्हतं. मी तळहाताने मूठ पुढे ठोकली. त्या आवाजाने नराने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, शेपटीचा पांढरा झेंडा उभारला आणि गेला. बाबांना खोटं सांगितलं की काही दिसलं नाही. बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकून?"

घरी येऊन ते ग्रीस रॉकेलने धुतलं, दोन दिवस लागले. आता पातळ सिंथेटिक तेलाचे चार थेंब, तेही पुसून. हिवाळ्यात जवळजवळ कोरडीच ठेवतो. आणि काडतूस चढवताना बोल्ट बेधडक सोडतो. आवाज होतो तो होवो. पहाटे सहाला केलेला आवाज हरणं आठपर्यंत विसरतात, निदान माझ्यासमोर तरी.

नेमबाजीबद्दल कोणी विचारलं तर सांगतो: फार अपेक्षा ठेवू नका. माशी आणि मागची खाच दोन्ही बाहीवर आहेत आणि नळी बाहीच्या आत ये-जा करते. म्हणजे नेम ज्या वस्तूने धरायचा ती आणि गोळी जिच्यातून जायची ती, या दोन वेगळ्या वस्तू. तोंडाशी एक बुश, म्हणजे आतली घट्ट कडी, त्यांना जुळवून धरतो. तो झिजला की गोळ्या पसरतात. माझ्या पाच गोळ्या शंभर यार्डांवर बशीभर जागेत बसतात, चहाच्या बशीभर, जेवणाच्या नाही. हरणाला तेवढं पुरतं. दोनशे ग्रेनची (सुमारे तेरा ग्रॅमची) जड, संथ गोळी आहे, दीडशे यार्डांपलीकडे मी बघतही नाही. दुर्बीण लावून चारशे यार्डांच्या गप्पा मारणारे रेंजवर हिला हसतात. हसून झालं की "एकदा उडवू का?" असं विचारतात. मग दोन हप्त्यांचा धक्का बसला की तोंडाचा आ होतो. त्यासाठी मी जादा काडतुसं नेतो, वीसच्या डब्याला पन्नास डॉलरच्या आसपास मोजून. आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारतात तसं.

दुसऱ्या हंगामात, 16 तारखेला सकाळी, मादी आली. माझ्याकडे मादीचाही परवाना होता. चाळीस पावलं. एक बार. ती दहा-बारा उड्या मारून पडली. बोल्ट पुन्हा बंद झाला होता, दुसरं काडतूस नळीत तयार होतं, तिसरं, चौथं, पाचवं खाली रांगेत. एकाचीही गरज पडली नाही. आजवर चार हरणं झाली, चार बार. बाबांचा मुद्दा मी अजून खोडून काढू शकलेलो नाही.

पुढचं काम थंडीत हात कोपरापर्यंत गरम करणारं असतं, ते लिहीत नाही. सागुती बायको करते, मालवणी मसाला कुडाळचा, वाटप भाजलेल्या खोबऱ्याचं. हरणाच्या मांसाला चरबी नसते म्हणून तेल थोडं सढळ लागतं आणि शिजायला बोकडापेक्षा वेळ. मंडळाच्या कोजागिरीला नेऊ नये एवढी समज आली आहे.

पण त्या सकाळी मादी पडल्यावर मी आधी काय केलं, तर गुडघ्यांवर बसून ओकच्या पानांत पुंगळी शोधू लागलो. पस्तीस रेमिंग्टनच्या पुंगळ्या सुट्या सहज मिळत नाहीत, मी त्या पुन्हा भरतो, आणि ही रायफल त्या उजवीकडे पुढे अशा भिरकावते की बास. पितळ पिवळं, पानं पिवळी. अर्धा तास गेला. तेवढ्यात वाटेवरून भगव्या टोपीचा एक म्हातारा आला, त्याने पडलेलं हरीण बघितलं, मग मला चार पायांवर बघितलं, आणि माझं काही हरवलंय का ते विचारलं. मी सांगितलं. त्याने काठी बाजूला ठेवली, कमरेला हात लावत तोही खाली बसला, आणि माझ्यापासून तीन हातांवर, कुजलेल्या ओंडक्याच्या खाचेतून ती काढून माझ्या हातावर ठेवली. अजून कोमट होती, असं मला वाटलं. उणे तापमानात अर्ध्या तासाने ते शक्य नाही.