एक लाख काय?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला. संमेलनं, सहली, खो-खोचे सामने यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मला फक्त आमच्या विज्ञानाच्या बाईंबद्दल लिहायचं आहे. प्रयोगशाळेच्या जिन्यात ज्यांचा आवाज आला की अख्खी रांग सरळ व्हायची, त्या बाई कोण, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही.

उत्तरापुढे एकक नसेल तर मार्क कापणारे शिक्षक पुष्कळ असतात. बाईंचं म्हणणं त्यापुढचं होतं. एकक शेवटी चिकटवायचं नाही, पहिल्या ओळीपासून आकड्याबरोबर चालवायचं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, हे पाच-अठरांशाने गुणून झटकन काढणाऱ्यालाही त्या १००० मीटर आणि ३६०० सेकंद फळ्यावर मांडायला लावत.

एका पावसाळ्यात मुठेला पाणी आलं होतं. आम्ही लकडी पुलावरून नदी बघून, भिजून, उशिरा वर्गात शिरलो. बाई रागावल्या नाहीत. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नारायण पेठेतलं त्यांचं घर पाण्यात गेलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. त्यांनी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर लिहिलं : धरणातून एक टीएमसी पाणी सोडायचं आहे, दहा हजार क्युसेकने. किती वेळ लागेल?

वर्ग गप्प. याला सूत्र कोणतं, हेच कुणाला कळेना. बाई म्हणाल्या, ‘‘सूत्र नकोच. नुसती एककं लिहा.’’ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. एकाने दोन्हींचा गुणाकार केला. बाईंनी त्याच्या आकड्यापुढे ‘घनफुटाचा वर्ग भागिले सेकंद’ असं लिहिलं आणि विचारलं, ‘‘बाळ, असली वस्तू कुठे बघितली आहेस का?’’ त्यानेच मग भागाकार केला. घनफूट घनफुटाशी गेले, सेकंद उरला.

‘‘एक लाख!’’ मागच्या बाकांवरून ओरडा झाला.

‘‘एक लाख काय?’’

सेकंद. म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास. मग त्यांनी लीटर काढून घेतले : दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार. आम्ही नुकतीच पाहून आलेली नदी आता आकड्यांत दिसत होती. कुठलंही सूत्र पाठ नसताना आम्ही उदाहरण सोडवलं होतं, आणि त्या तासाला मला जे समजलं ते पुढच्या साऱ्या शिक्षणाला पुरलं. अंतराच्या सूत्रात त्वरणाला काळाने गुणायचं की काळाच्या वर्गाने, अशी शंका आली की मी एककं मांडतो. मीटर उरायला हवेत, म्हणजे वर्गच. (त्या सूत्रात त्वरणाआधी येणारा ‘अर्धा’ मात्र एककं सांगत नाहीत, हेही बाईंनीच बजावलं होतं.)

पुढे मी अभियंता झालो. उभी नोकरी धरणं-कालव्यांच्या कामात गेली. एकदा विसर्गाच्या एका तक्त्यात वरचे आकडे क्युसेकमध्ये होते, खालचे क्युमेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला घनमीटरमध्ये, आणि एकक कुठेच लिहिलेलं नव्हतं. फरक पस्तीस पटींचा. काम सुरू होण्याआधी तो माझ्या नजरेस आला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. ती शाबासकी बाईंची होती.

१९९९मध्ये अमेरिकेचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाशी पोचताना गमावलं. एक संगणकप्रणाली पौंड-सेकंदांत आकडे देत होती, दुसरीकडे ते न्यूटन-सेकंद समजून वापरले जात होते. साडेचार पटींची तफावत. ते कात्रण घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. मला वाटलं, त्या म्हणतील, ‘बघ, मी सांगत नव्हते?’ त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘किती जणांची किती वर्षं गेली असतील रे यात.’’ त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. २० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्यावरून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीही न बदलणाऱ्या राशीवर गेली, तेव्हा ते सांगायला बाई राहिल्या नव्हत्या.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. काचेच्या पेटीतला तराजू कपाटावर धूळ खात होता, चिमट्याने उचलायच्या वजनांची पेटी रिकामी होती. आजची मुलं आमच्याहून चुणचुणीत आहेत, पण क्लासमध्ये त्यांच्यापुढे चार पर्याय येतात आणि चारही पर्यायांपुढे एकच एकक आधीच छापलेलं असतं. ते शोधायची संधीच कुणी त्यांना देत नाही, याचं मला फार दुःख आहे.

आमच्या तुकडीने प्रयोगशाळेसाठी देणगी द्यायचं ठरवलं आहे. ती पडद्यावर आणि प्रोजेक्टरवर खर्च करू नये. तराजू दुरुस्त करावा, वजनं आणावीत, दर दोन मुलांमागे बारीक मापं घ्यायचा एक व्हर्नियर कॅलिपर घ्यावा, ही मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती. कमी पडलं तर मला कळवावं.