पोरं मिळून विचार कसा करतात, हे मोजायचं कसं?

पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय परीक्षा, ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना ती घेते, ते माहिती असेलच. 2015 ला त्यांनी गणित, सायन्स, वाचनाच्या जोडीला मिळून प्रश्न सोडवण्याचीही परीक्षा घेतली, 52 देश-प्रदेशांतल्या मुलांनी ती दिली आणि 2017 च्या नोव्हेंबरात निकाल लागला. सिंगापूर पहिलं, जपान दुसरं, भारत त्यात नव्हताच. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की प्रत्येक ठिकाणी मुली मुलांच्या पुढे होत्या, आणि 2012 ला एकट्याने प्रश्न सोडवायची परीक्षा होती तेव्हा सरासरीत मुलं पुढे होती!

आता यातली गोम अशी की जोडीदार माणूस नव्हता, कॉम्प्युटर होता. उदाहरणार्थ एका प्रश्नसंचात झँडार नावाच्या काल्पनिक देशाच्या माहितीवर स्पर्धा, सोबत ॲलिस आणि झॅक ही दोन पात्रं, आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते तयार पर्यायांतून निवडायचं. कारण पटण्यासारखं आहे, सगळ्यांना सारखाच जोडीदार मिळाला तर मार्क देताना अन्याय होत नाही. पण खऱ्या गटात दोघं एकदम बोलतात, एक रुसून बसतो, बरोबर उत्तर कुणीतरी हळू आवाजात सांगून गेलेलं असतं आणि कुणी ऐकलेलंच नसतं, हे सगळं तयार पर्यायांत कसं पकडणार?

म्हणून मला मेलबर्न विद्यापीठाच्या पॅट्रिक ग्रिफिन यांच्या टीमचं काम जास्त जवळचं वाटतं. 2009 ला सुरू झालेल्या त्या प्रकल्पात दोन खरी मुलं दोन कॉम्प्युटरवर, बऱ्याच कोड्यांत दोघांकडे वेगवेगळी माहिती, बोलायचं ते फक्त चॅटवर. म्हणजे विचारल्याशिवाय कोडं सुटतच नाही. आता संशोधन त्याच दिशेने आणखी पुढे चाललंय, कोण कधी काय म्हणालं, त्यानंतर दुसऱ्याने काय केलं याच्या नोंदी, आवाज, नजर सगळं तपासतात. जोडीदार म्हणून एआय बसवायचे प्रयोगही जोरात आहेत, चालू देत, पण मला पोरांचं आपसातलं बोलणं हवंय.

आमच्याकडे गटकार्याचे मार्क फाईल बघून पडतात आणि फाईल लिहिते अक्षर चांगलं असलेली एकच मुलगी. पुढच्या सत्रात पालकांना विचारून दोन गटांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करणार आहे आणि ते आधी त्या पोरांनाच ऐकवणार, कुणी कुणाला काय विचारलं आणि कुणाचं राहून गेलं ते त्यांनीच शोधायचं.