स्क्रू की गोंद?

घर बदलायचं होतं म्हणून पुस्तकांचं कपाट सुटं केलं. घेताना सांगितलेलं की हवं तेव्हा खोला, हवं तेव्हा जोडा, काही अवघड नाही. खोलायला खरंच अवघड नव्हतं. पण नव्या घरी जोडायला बसले तर त्या भुशाच्या फळीतली भोकं इतकी सैल झालेली की स्क्रू नुसता गरागरा फिरतोय, धरतच नाही. भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबल्या, गोंद ओतला, रात्रभर वर वजन ठेवलं. आता कपाट उभं आहे, जरासं डावीकडे कललंय, आणि परत कधी सुटं होणार नाही. पुढच्या वेळी फोडायचंच.

त्याच सुमारास मला जगभरातल्या नव्या इमारतींबद्दल वाचायचं वेड लागलेलं, रात्री दीड-दोनपर्यंत फोटो आणि ड्रॉइंग्ज बघत बसायचं, आणि कपाटाचा राग इतका ताजा होता की कुठलीही इमारत समोर आली की डोक्यात पहिला प्रश्न हाच, की बाबा हे खोलता येतं का?

नेटवर 'नवीन आर्किटेक्चर' शोधलं की येतं काय, तर पिळा मारलेले टॉवर, गच्चीवर स्विमिंग पूल, बाल्कनी-बाल्कनीत झाडं आणि मागे कायम सूर्यास्त. झाडांवरून मिलानचं बॉस्को वर्टिकाले आठवतंच, २०१४ चं, दोन टॉवर, एक ८० मीटर आणि एक ११२. दिसतं सुंदर, खोटं कशाला बोलू. छाटणी करायला माळी दोर बांधून वरून खाली लटकत येतात, ते व्हिडिओ तर मी तीनदा बघितले. पण ती माती, ती झाडं, त्यात मुरलेलं पाणी, हे सगळं वजन तोलायला बाल्कनीचं काँक्रीट किती तगडं लागलं असेल ते मनात आलं की हिरवा रंग जरा फिका पडतो.

मला खरं नवीन वाटलं ते एकदम वेगळ्याच ठिकाणी. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला डच डिझाइन वीकसाठी एक मंडप उभा केला होता, पीपल्स पॅव्हिलियन नावाचा, ब्यूरो एसएलए आणि ओव्हरट्रेडर्स डब्ल्यू या दोन ऑफिसांनी मिळून. अट एकच, सगळं सामान उसनं आणायचं. लाकडी वासे उसने, काचा उसन्या, फरशा उसन्या. आणि उसनं म्हणजे परत द्यायचं, तेही जसं आणलं तसं! म्हणजे वाशाला भोक पाडायचं नाही, करवत लावायची नाही, स्क्रू नाही, गोंद तर नाहीच. मग जोडायचं कसं? तर वासे एकाला एक लावून पट्ट्यांनी करकचून आवळले, ट्रकवर माल बांधतात ना तसे. कार्यक्रम नऊ दिवसांचा, संपला की पट्टे सोडले आणि ज्याचं त्याला परत. वरच्या बाजूला रंगीबेरंगी प्लास्टिकच्या कौलांसारख्या फळ्या होत्या, गावातल्या लोकांच्या घरच्या प्लास्टिक कचऱ्यातून बनवलेल्या, त्या नंतर लोकांनाच वाटून टाकल्या. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी अख्खी इमारत आणली आणि परत केली, मला हे वाचून इतका आनंद झाला की काय सांगू.

आता कुणी म्हणेल नऊ दिवसांचा मांडव आहे तो, त्यात काय एवढं. बरोबर आहे. पण त्याच देशात ड्रीबर्गनला ट्रायोडोस बँकेचं ऑफिस आहे, २०१९ चं, लाकडी सांगाडा, रोज माणसं येऊन काम करतात अशी पक्की इमारत, आणि तिच्याबद्दल एक आकडा अभिमानाने सांगतात, १,६५,३१२. स्क्रू आहेत ते. मोजलेत! कारण प्रत्येक स्क्रू परत काढायचा आहे हे धरूनच तो बसवलाय. कुठला भाग कुठे आहे, कशाचा आहे, कसा निघतो याची नोंद ठेवायची, त्याला मटेरियल पासपोर्ट म्हणतात, आणि नोंद असली की ती इमारत म्हणजे पुढच्या इमारतीचं गोदाम होते. थॉमस राऊ हा आर्किटेक्ट या कल्पनेमागे बरीच वर्षं लागलाय आणि ही इमारत त्याच्याच ऑफिसची.

गोंदाचा त्रास खरा कळला तो मात्र विटांमुळे. कोपनहेगनला लेंडागर या ऑफिसने रिसोर्स रोज नावाची वसाहत बांधली, तीही २०१९ चीच, कार्ल्सबर्गच्या जुन्या ब्रुअरीच्या वगैरे विटा वापरून. तुम्ही म्हणाल जुन्या विटा वापरणं नवीन थोडंच आहे, लोक पूर्वापार करत आलेत. हो, पण ते जमायचं कारण पूर्वी दोन विटांमध्ये चुना असायचा. चुना विटेपेक्षा मऊ, हातोडीने हलकेच ठोकलं की गळून पडतो आणि वीट मोकळी. साठच्या दशकापासून तिकडे सिमेंटचा मसाला आला आणि तो निघाला विटेपेक्षा कडक, त्यामुळे ठोकलं की वीट फुटते, सिमेंट जागचं हलत नाही. म्हणजे आपण जोड मजबूत केला आणि वस्तू एकदाच वापरायची करून ठेवली, माझ्या कपाटासारखंच, फक्त शहराच्या मापाचं. मग या लोकांनी केलं काय, तर वीट सोडवायचा नादच सोडला. भिंतीचेच साधारण मीटरभर लांब-रुंद चौकोन कापले, पाव कापावा तसे, आणि ते चौकोन नव्या इमारतीला बाहेरून लावले. फोटो झूम करून बघा, एका चौकोनात वेगळी लाल, शेजारी वेगळी, कुठे पिवळट, थेट गोधडी. प्रत्येक ठिगळाच्या कडा स्पष्ट दिसतात आणि त्या कुणी लपवल्या नाहीत. इतकी देखणी भिंत मी अलीकडे बघितली नाही, म्हणजे फोटोत.

स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला के ११८ नावाची इमारत आहे, एका जुन्या गोदामाच्या डोक्यावर चढवलेले नवे मजले, बाऊब्यूरो इन सिटू या ऑफिसचं काम, २०२१. लोखंडी बीम बाझेलहून एका पाडलेल्या इमारतीतून आणलेले, खिडक्या आणखी कुठून कुठून, आणि बाहेरचा लोखंडी जिना झुरिकच्या एका ऑफिस बिल्डिंगचा. गंमत या जिन्यातच आहे. एरवी आधी मजल्याची उंची ठरते आणि मग त्या मापाचा जिना बनवतात. इथे जिना आधी हातात आला, त्यातून एक पायरी कमी करणार की जास्त? मग मजल्यांचीच उंची जिन्याप्रमाणे ठरवली. घरातल्या उरलेल्या भाज्या बघून स्वयंपाक ठरवतो तसं डिझाइन. कॉलेजात शिकवतात त्याच्या बरोब्बर उलटं, आणि मला वाटतं हे करायला जास्त डोकं लागतं, कारण कोऱ्या कागदावर काय, कुणीही रेघ मारेल.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मुख्य कारण सिमेंट. जगभरात माणूस हवेत सोडतो त्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. भट्टी पेटवायला इंधन लागतं तो एक भाग झाला, पण त्याहून जास्त वायू दगडातूनच निघतो, चुनखडी भाजली की ती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते. भट्टी उद्या पूर्ण सौर ऊर्जेवर चालवलीत तरी दगड काय ऐकणार नाही. त्यामुळे उभं असलेलं काँक्रीट पाडून त्याचा राडारोडा करायचा आणि शेजारी 'ग्रीन बिल्डिंग'ची पाटी लावून नवं ओतायचं, हा हिशोब मला तरी कळत नाही.

थ्रीडी प्रिंटिंगवर खरं तर एक अख्खी पोस्ट होईल, पण थोडक्यात माझं मत असं की काँक्रीटची प्रिंट केलेली घरं म्हणजे गोंदच गोंद, वेगात ओतलेला. मातीची असतील तर गोष्ट वेगळी. इटलीत मास्सा लोंबार्दाला मारिओ कुचिनेल्ला हा आर्किटेक्ट आणि थ्रीडी प्रिंटर बनवणारी वास्प ही कंपनी यांनी २०२१ मध्ये टेक्ला नावाचं घर तिथल्याच मातीतून प्रिंट केलं, दोन घुमट एकमेकांत शिरलेले, गांधीलमाशीच्या घरासारखे. लाकडी टॉवरचंही तसंच, नॉर्वेतलं म्योसटॉर्नेट ८५.४ मीटर उंच आहे, कौतुक आहेच, पण आतले मोठमोठे बीम फळ्यांवर फळ्या चिकटवूनच तयार होतात. म्हणजे गोंद सुटत नाही तो नाहीच, निदान कारखान्यात लागतो, साइटवर नाही.

बरं, नवीन इमारती स्क्रूच्या करू, ठीक आहे, पण ज्या आधीच चिकटून बसल्यात त्यांचं काय? इथे मला लाकाटोन आणि वासाल ही फ्रान्सची आर्किटेक्ट जोडी सगळ्यात आवडते, २०२१ चं प्रित्झ्कर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस, मिळालेली. त्यांचं म्हणणं सोपं, पाडायचं नाही. बोर्डोला ग्रां पार्क नावाच्या वस्तीत साठच्या दशकातल्या तीन सरकारी चाळीवजा लांबलचक इमारती होत्या, ५३० घरं, बारक्या खिडक्या, अंधार. यांनी बाहेरच्या बाजूने ३.८ मीटर रुंदीचा नवा सांगाडा उभा करून इमारतीला चिकटवला, जुनी बाहेरची भिंत काढून तिथे मोठ्ठी सरकती काच, आणि पुढे बंद करता येणारी गॅलरी. थंडीत ती ऊन साठवते, उन्हाळ्यात उघडून टाकायची. आणि लोक कुठेही गेले नाहीत, काम चालू असताना आपापल्या घरातच राहिले. फोटो बघण्यासारखे आहेत, डिझाइनचं एक अक्षर नाही, नुसत्या लोकांनी भरलेल्या गॅलऱ्या, कुठे कुंड्या, कुठे सायकल, कुठे जुना सोफा. २०१९ मध्ये युरोपचं मीस व्हॅन डेर रोह अवॉर्ड मिळालं याला. याच दोघांना १९९६ मध्ये बोर्डोतल्याच एका छोट्या चौकाचं सुशोभीकरण करायला सांगितलं होतं, हे गेले, बसले, तिथल्या लोकांशी बोलले आणि सांगितलं की चौक छान आहे, काही करायची गरज नाही, खडी बदला, साफसफाई वेळेवर करा, झाडांची निगा राखा. फी घेऊन 'काही करू नका' सांगायला केवढी छाती लागते!

पण स्क्रू असला म्हणजे कुणी तो काढेलच असं नाही, हेही खरं. टोकियोचा नाकागिन कॅप्सूल टॉवर घ्या. किशो कुरोकावाची १९७२ ची इमारत, मधे दोन खांब आणि त्यांना लटकवलेल्या १४० खोल्या, प्रत्येकीला एक गोल खिडकी, ढिगाने वॉशिंग मशीन रचून ठेवावीत तशी दिसायची. एकेक खोली फक्त चार बोल्टवर! कल्पना अशी की पंचवीस एक वर्षांनी जुनी काढायची, नवी लावायची. एकही कधी बदलली नाही. खालची काढायची तर आधी वरच्या हलवायला लागणार, मालक तर प्रत्येक खोलीचा वेगळा, खर्च कुणी करायचा यावर एकमत होईना, तोवर आत गळती सुरू झाली. २०२२ मध्ये शेवटी सगळं उतरवलं, आणि बोल्ट खरोखर सुटले ते तेव्हा. २३ खोल्या वाचवल्या, त्यातल्या काही म्युझियममध्ये गेल्या.

आणि याच्या उलट शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टचं जपानमधल्याच कोबेतलं कागदी चर्च. १९९५ च्या भूकंपात तिथलं जुनं चर्च जळालं, तर यांनी कागदाच्या ५८ जाड नळ्या उभ्या करून तात्पुरतं एक बांधलं, बांधणारे सगळे स्वयंसेवक. थोडे दिवस चालावं एवढीच अपेक्षा. ते दहा वर्षं उभं राहिलं. मग जागेवर पक्कं चर्च बांधायचं ठरलं तेव्हा हे सुटं केलं, नळ्या जहाजाने तैवानला नेल्या, पुलीजवळच्या ताओमी गावात, जिथे १९९९ ला असाच मोठा भूकंप झाला होता, आणि २००८ मध्ये तिथे परत उभं केलं. रात्री आतून दिवे लावतात, समोर तळं आहे, त्यात सगळ्या नळ्या उलट्या दिसतात.